चार वाजायच्या आतला काप

मशीन सुरू करण्याआधी बाबालालचाचा दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवून पाहत राहायचे. मशीन म्हणजे टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल करवतीचं पातं. हात स्थिर दिसले की घड्याळ खिशात जायचं, बाह्या कोपराच्या वर जायच्या आणि मगच बटण दाबलं जायचं. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्त्री दुआ मागतायत.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं सुतारकामाचं वर्कशॉप माझं, पण हुकूम चाचांचा. पेठ वडगावहून सकाळच्या एसटीनं यायचे. सरळ काप ते दिवसभर घेत. तिरका मात्र दुपारी चारच्या आत. "सरळ कापात लाकूड तुमचं ऐकतंय. तिरक्यात त्येला सरकायला निमित्त लागतंय. अन् दमलेला मानूस म्हंजे आयतंच निमित्त की!"

कोन बदलायचा तर आधी प्लग काढायचे, मग टाकाऊ तुकडा कापून जोड पडताळायचे. माप धरायची कडेची पट्टी दूर सारायचे, म्हणजे कापलेला तुकडा मोकळा पडतो. हात पात्यापासून वीतभर लांब. घाईच्या दिवसांत मला या सगळ्याचा वैताग यायचा, खोटं कशाला सांगू?

एकदा गडहिंग्लजच्या एका पाहुण्यांचं देवघर होतं. दुसऱ्या दिवशी त्यांची वास्तुशांत, टेम्पो दारात उभा आणि चौकटीचे आठ तिरके काप राहिलेले. पाच वाजून गेले होते. चाचांनी नकारार्थी मान हलवली. मी दिवसभराचा शिणलेलो, त्यात चिडलो आणि स्वतःच मशीनवर उभा राहिलो. तुकडे एका मापाचे यावेत म्हणून कडेची पट्टी पात्याजवळ आणून ठेवली. पहिल्याच कापाला तुकडा पातं आणि पट्टी यांच्यामध्ये अडकला, उसळला आणि माझ्या कानाजवळून मागच्या पत्र्यावर जाऊन आदळला. तो पोचा अजून तिथं आहे.

चाचांनी मशीन बंद केलं. रागावले नाहीत. माझे हात टेबलावर ठेवले आणि एकेक बोट हात लावून मोजलं.

"धा हायत," म्हणाले. "बसा आता."

मग त्यांनी आपली जुनी हातकरवत काढली आणि सावकाश आठही काप घेतले. सातला टेम्पो निघाला. मी ओशाळून काहीतरी बोलू लागलो, तर म्हणाले, "मी काम न्हाय म्हटलं नव्हतं, मालक. मशीन न्हाय म्हटलं हुतं."

तीनेक वर्षांनी एका सकाळी त्यांनी नेहमीसारखे तळवे टेबलावर ठेवले आणि बराच वेळ उचललेच नाहीत. उजवा हात थरथरत होता. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले होते.

"मालक, माझं चार वाजलं."

"आठ दिवस सुट्टी घ्या की चाचा."

"सुट्टीनं घड्याळ मागं येतंय व्हय?"

नुसते बसून देखरेख करा, असंही मी विनवलं. "बघत बसलो तर हात पुढं जानारच," म्हणाले. हातकरवत माझ्याकडे ठेवून दुपारच्या एसटीनं गेले. थांबवायला हवं होतं असं वाटत राहिलं, पण थांबवून मी त्यांच्याकडून काय करून घेणार होतो?

आता माझीही पन्नाशी उलटली. दुपारनंतर खांदे भरून येतात. चारला मशीनचा प्लग काढतो आणि गिऱ्हाइकांची बोलणी खातो.

गेल्या हिवाळ्यात वडगावला गेलो. चाचा अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेली, नजरही अधू. सून मोठ्यानं म्हणाली, "अब्बा, कोल्हापूरचं मालक आल्यात." त्यांनी चाचपडत माझे दोन्ही हात ओढून घेतले. मला वाटलं, धीर हवाय. पण ते अंगठ्यापासून एकेक बोट दाबत निघाले. कापऱ्या हातानं मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. दहावं बोट सापडलं तेव्हा त्यांनी माझे हात सोडले आणि डोळे मिटून घेतले. माझ्याच्यानं मात्र तिथून लवकर उठवलं नाही.