आप्पांचा हात आणि बैलबाजार

लातुरात त्वचेचा दवाखाना चालवला की किस्से शोधावे लागत नाहीत, ते नंबर लावून बाहेर बसलेले असतात. माझे निम्मे किस्से तर एकट्या शिवलिंगआप्पांचे. आप्पा चाकूरकडचे, बैलबाजारातले दलाल. कोपरांवर, गुडघ्यांवर जुना सोरायसिस.

पहिल्यांदा आले तेव्हा दवाखानाभर उग्र वास सुटला. विचारलं, "आप्पा, काय लावलंय?"

"बैलाच्या खरजेचं औषध. त्याला लई गुण आला."

"आग नाही झाली?"

"लई झाली. बैल बोलत न्हाई, म्हून वाटलं होत नसंल."

*

मग कुणीतरी त्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या सुचवल्या. चट्टे गेले, आप्पा खूश. मनाने सुरू केल्या तशा मनानेच एकदम बंद केल्या. थोड्याच दिवसांत अंग लालबुंद, वर पू भरलेल्या बारीक पुळ्या आणि हुडहुडी भरून ताप. घरच्यांनी ठरवलं, अंगावर देवी आली. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधून आप्पांना आत निजवलं. सून शहाणी, तिने मला फोटो पाठवला.

मी फोनवर ओरडलेच, "डहाळा राहू द्या, आधी माणूस आणा!"

हा पुळ्यांचा सोरायसिस, दुर्मिळ; स्टेरॉइड एकदम तोडलं की असा उसळतो. लाल अंग, पू आणि ताप एकत्र दिसले की उद्यावर ढकलायचं नसतं, जिवावर बेततं. आप्पांना ॲडमिट करताना मी खरंच घाबरले होते.

*

ताप उतरला. शाहीन सिस्टर त्यांची पाठ, पोट, मांड्या निरखून बघत होती. आप्पा म्हणाले, "दात बी बघून घ्या सिस्टर, वय कळतंय." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

*

बरे होऊन आप्पा बाजारात गेले, पण सौदा जमेना. बैलाचा भाव रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरतो, आणि आप्पांच्या हातात हात कुणी देईना. "त्यांचं बी खरं हाय, बाई. दवाखान्यात बघाया आले तवा पू बघितला त्यांनी," म्हणत त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. चेष्टा न करणारे आप्पा मला बघवेनात.

पुढच्या बाजाराला मीच गेले. सगळ्यांना सांगितलं, "या पुळ्यांत जंतू नसतात. हा आजार शिवल्याने लागत नाही." आणि चारचौघांत आप्पांच्या रुमालाखाली हात घातला. त्यांनी माझी बोटं दाबली. मला वाटलं, आभार मानतायत. मीही प्रेमाने दाबली. मग एकेक जण पुढे सरकला, आप्पांचा रुमाल दिवसभर खाली ठेवला गेला नाही. मी आनंदात घरी आले.

संध्याकाळी शाहीनचा फोन. "म्याडम, दवाखान्याम्होरं एक देवणी बैल बांधलाय. आणणारा पैसे मागतोय, म्हणतोय जोडीचा मागून यायलाय."