वीरसिंगच्या चाकाखालचा दगड

वीरसिंग धडगावकडचा. बारा वर्षं दुसऱ्याची जीप घाटात चालवली, मागच्या वर्षी स्वतःची घेतली. माणूस कमी बोलतो. मी बोलतो म्हणून आमचं जमतं. त्याच्या सीटखाली एक काळा दगड असतो, नारळाएवढा. एकदा घाटात हा चहा पीत उभा, आणि जीप आपली आपण निघाली उताराला. हाच दगड मध्ये आला नि चाक अडलं. तेव्हापासून गाडी थांबली की आधी दगड, मग चहा. दसऱ्याला जीपला हार घातला, तेव्हा दगडालाही शेंदूर लावला.

आमची नात मोहिनी मुंबईला नोकरीला. म्हणाली, आबा, या, काळा घोडा भाग दाखवते. आमच्या प्रकाशा गावाहून मी आणि आमच्या घरच्या अनुसयाबाई रात्रीच वीरसिंगच्या जीपने निघालो.

तिथे पोचलो तर दगडी इमारती अशा की मान दुखावी. मोहिनी म्युझियमच्या फाटकाशी उभी राहणार होती. अलीकडच्याच एका गल्लीत चकचकीत मोटारींच्या रांगेत वीरसिंगने जीप लावली, उतरून मागच्या चाकाखाली दगड ठेवला.

अनुसयाबाई म्हणाल्या, "काय रे भो, आठे कुठे घाट शे?"

"माय, रस्ता सपाट हाय. जीपला कुठं माहीत?"

म्युझियममध्ये घुमटाखाली आम्ही तिघं तोंड वर करून उभे. पुढे जुन्या मूर्ती, कुणाला हात नाही, कुणाला नाक नाही. वीरसिंगने विचारलं, "हे दगड आत का ठेवलेत?"

"जुने आहेत, दादा," मोहिनी म्हणाली.

"माझापण जुना हाय," तो म्हणाला. मोहिनीला काही कळलं नाही, मला हसू आवरेना.

मग राजाबाई टॉवर पाहिला. अनुसयाबाईंनी घड्याळाकडे बघून दोन्ही हात जोडले. मी म्हटलं, तो देव नाही. त्या म्हणाल्या, "एवढा उंच शे, हात जोडाले काय जास?"

मोहिनीने सहज विचारलं, जीप कुठे लावलीत. मी गल्ली सांगितली आणि पोरीचा चेहरा उतरला. "आबा, तिथून पोलीस गाड्या उचलून नेतात."

वीरसिंग वळला नि निघालाच. तो पुढे, जवळजवळ पळत, धोतर सावरत मी मागे, माझ्यामागे या दोघी. त्याच्या पाड्यावरून दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर तीच एक गाडी. बारा वर्षांनी मिळालेली. मोठमोठ्या खांबांच्या इमारती दोन्ही बाजूंनी गेल्या, एकही मला आठवत नाही.

गल्लीत वळलो. मोटारींची रांग गायब. सगळा रस्ता मोकळा, आणि मधोमध आमची धुळीने माखलेली जीप एकटी उभी.

वीरसिंग तिथेच फुटपाथवर बसला.

कोपऱ्यावरचा शहाळीवाला म्हणाला, "तुमचीच का? पुढच्या चार, मागच्या तीन नेल्या. हिच्यापाशी आले आणि अडले. एक म्हणे तू काढ, दुसरा म्हणे तू काढ. शेंदराच्या देवाला हात कोण लावणार? शेवटी साहेब म्हणाला, राहू द्या."

वाकून पाहिलं, तर दगडावर कुणीतरी झेंडूचं फूलही वाहिलेलं. मोहिनी म्हणाली, झाडणाऱ्या मावशी रोज जातात इथून, त्यांनीच वाहिलं असेल.

वीरसिंग पहिल्यांदा हसला. दगड उचलून सीटखाली सारणार, तेवढ्यात अनुसयाबाईंनी हात पुढे केला. "पायाशी नको ठेवू. आठे दे, मन्हा मांडीवर."

सकाळी घाटाची चौकशी करणारी हीच बाई. मुंबई सुटली, नवापूर गेलं, नंदुरबार गेलं, दगड मांडीवरच. झोपेत माझा दगडाला धक्का लागला तर मलाच रागावल्या.

प्रकाशाला घरासमोर जीप थांबली. अनुसयाबाई दगड घेऊनच उतरल्या नि थेट देवघराकडे निघाल्या.

"माय," वीरसिंग खिडकीतून म्हणाला, "मला पुढं घाट चढायचा हाय."