ताडपत्रीतली चीर

ती म्हातारी आमच्या पाड्यावरची नव्हती. त्या हिवाळ्यात तलासरीकडं सारखे भूकंपाचे धक्के बसत होते. घराच्या भिंतींना तडे गेले, म्हणून आम्ही अंगणातच ताडपत्रीच्या तंबूत राहत होतो. लाकूड कमी जळावं म्हणून मी संध्याकाळी घमेलंभर निखारे तंबूत ठेवले, ताडपत्रीच्या कडा मातीनं दाबल्या आणि पाण्याला गेलो. बायको मुलीला घेऊन आत निजली होती.

परतलो तर ही म्हातारी एका हातानं डोक्यावरची मोळी सावरत, दुसऱ्या हातातल्या विळ्यानं ताडपत्री फाडत होती.

"ए आजी, नवी आहे ती! सगळी ऊब जाईल!"

मोळी हलू नये म्हणून तिनं मानसुद्धा वळवली नाही. "जाऊ दे. थंडीनं माणूस कुडकुडतो, पण जागा राहतो. कारवीच्या कुडाच्या भिंतीला छपराखाली फट ठेवतात, ती काय उगाच?"

मी आत वाकून बायकोला हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला तिनं डोळे उघडले. "डोकं जड झालंय," म्हणाली. मग मुलगी रडली.

दोघींना बाहेर आणलं, तोवर म्हातारी शेजारच्या, तशाच कडा दाबलेल्या तंबूपाशी पोचली होती. तिथला माणूस तिच्या अंगावर धावून गेला.

मी ओरडलो, "फाडू दे तिला!"