डावीकडे न जाणारी दांडी

लालबागच्या आमच्या गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मुली जात नसत. मी जायचे, कारण पार्लरवाले काका स्वतः हाक मारायचे, "ये गो, तुझी मशीन रिकामी आहे." कॉइनही तेच टाकायचे. कोपऱ्यातली ती मशीन त्यांनी माझ्यासाठीच ठेवली होती. मी रोज हरायचे. शत्रू डावीकडून आला की मेलेच. मागे उभी असलेली पोरं खिंकाळायची. मग घरी येऊन मी मांडीत लाटणं मशीनच्या दांडीसारखं उभं धरून ते डावीकडे वळवायचा सराव करायचे. आईने एकदा त्याच लाटण्याने मला बडवलं. तरी जात राहिले. दुनियेत एक तरी माणूस मला मुलगी म्हणून हाकलत नाही, एवढं पुरेसं होतं.

पुढे अशाच पार्लरांच्या सामाजिक इतिहासावर मी पीएचडीला बसले. तिसरं प्रकरण अख्खं काकांवर उभं होतं: गिरणगावात मुलीला बरोबरीची जागा देणारं एक दुकान. गाइड खूश होत्या. फक्त काकांची मुलाखत तेवढी राहिली होती.

गेल्या वर्षी घोडपदेवला, त्यांच्या मुलाच्या घरी त्यांना गाठलं. त्यांनी बघताक्षणी ओळखलं आणि मला भरून आलं. रेकॉर्डर चालू करून विचारलं, "काका, तुम्ही मलाच का आत घेतलंत?"

"अगो, धंद्यासाठी!" ते मजेत म्हणाले. "त्या मशीनची दांडी डावीकडे जायचीच नाही. मीच तशी ठेवलेली. मुलगी हरताना बघायला पोरं गर्दी करायची, मग चेव चढून बाजूच्या मशीनवर खेळत बसायची. तू रडलीस की तर काय विचारूच नको. लिही हां हे पुस्तकात."

माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. चहात साखर कमी पडली का, हेही त्यांनी काळजीने विचारलं.

घरी हेडफोन लावून मुलाखत उतरवायला बसले. त्यात हसणं-खोकणंसुद्धा टिपायचं असतं. त्यांच्या त्या उत्तरानंतर एक मोठं, लांबलचक हसू होतं. 'काका हसतात,' मी रागारागाने टाइप केलं. मग पुन्हा ऐकलं. काका तर चहा भुरकत होते. हसत मी होते, त्यांना बरं वाटावं म्हणून.