सावरीच्या ढोलीतली तीन पिल्लं

अक्काचं लग्न माझ्यामुळे मोडलं.

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर श्रद्धांजलीचे मेसेज पडताहेत. "स्वभावाने हट्टी, पण मनाने निर्मळ." "जरा कमी फटकळ असती तर धुळ्यात सुखाने नांदली असती."

किळस आली वाचून.
तुमची किळस नंतर. आधी माझी.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. यावलजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची ज्वारी. माझी मोठी बहीण अक्का मचाणावर बसून गोफणीने पाखरं हाकलायची.

बांधावर जुनी काटेसावर होती. तिच्या ढोलीत पहाडी पोपटांची जोडी.

हिरवंगार अंग, जाड लाल चोच, खांद्यावर लाल डाग. नराच्या गळ्यात काळी-गुलाबी कंठी. काय देखणे दिसायचे!

त्या जोडीवर अक्काने कधी गोफण फिरवली नाही. मादी आत अंडी उबवत बसली की नर ढोलीच्या तोंडाशी येऊन तिला भरवतो, हे तिनेच मला दाखवलं. विश्वासाने दाखवलं.

तेवढ्यात तिचं धुळ्यात ठरलं. मुलाच्या वडिलांना बोलका पोपट हवा होता, तोही पहाडीच. आमचे वडील, नाना, हात चोळत म्हणाले, "आणून देतो की!"

ढोली कुठे आहे ते मी सांगितलं. वर चढलोही मीच. एकोणीस वर्षांचा होतो, जळगावला कॉलेजात जात होतो. लहान होतो असं म्हणायचीही सोय नाही.

सुपारी फोडायला पाहुणे येणार त्या दिवशी सकाळी गेलो. अक्का घरात तयारीत होती. कोयत्याने ढोलीचं तोंड मोठं केलं, आत हात घातला. मादीने अंगठा फोडला. तरी तिन्ही पिल्लं काढली.

अक्काला सांगितलं, विळा लागला. तिने जखमेत हळद भरली.

पाहुणे बसले. पिल्लांची टोपली पुढे ठेवली. मुलाच्या बापाने एकेका पिल्लाची मान दोन बोटांत धरून पिसं उलटी केली. कंठी शोधत होता.

"ह्या ते बठ्ठ्या मादी शेतस," तो म्हणाला. सगळ्या माद्याच, म्हणे. "मादी बोलत नही. फेकी द्या."

अहो, कंठी नरालाच येते, आणि तीही दोन-तीन वर्षांनी. एवढं त्या सगळ्या घरात फक्त अक्काला माहीत होतं. आणि तिला कोणी विचारत नव्हतं.

नानांनी टोपली ओट्यावरून खाली उन्हात सरकवली आणि पेढे पुढे केले. सगळे हसले.
मीही हसलो.

जेवणं उरकून अक्का बाहेर आली, तोवर दोन पिल्लं चोची उघड्या टाकून मेली होती.

ती परत आत गेली. सगळ्यांसमोर म्हणाली, "नाना, मले नाही जायचं या घरी."

एवढाच तो फटकळपणा.

तिसरं पिल्लू पदरात घेऊन ती शेताकडे निघाली. मला म्हणाली, "चाल." सावरीखाली पोचल्यावर पिल्लू माझ्या हातात दिलं.

"चढ. तुले रस्ता माहीत हाये."

चढलो. ठेवलं. उतरलो. जोडी डोक्यावर घिरट्या घालत किंचाळत होती. मला ऐकवेना. मी सरळ घरी निघून आलो.

अक्का दिवस बुडेपर्यंत तिथेच बसली होती.

मादी पिल्लाकडे परत आली का, हे तिने कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तिने पुढे लग्न केलं नाही. बालवाडी चालवली, माझी पोरं सांभाळली. इतकी वर्षं एका घरात जेवलो, पण माझी जीभ रेटली नाही.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात विचारलं. "अक्का, ती आली व्हती का गं परत?"

ती माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली. व्रण अजून आहे.

"थांबाचं व्हतं ना मंग," म्हणाली.

बस. एवढंच.

आज दुपारी चिता पेटली. नमस्कार झाले, गाड्या सुरू झाल्या, मंडळी पांगली. मुलगा दोनदा बोलवायला आला, "बाबा, चला ना, ऊन लागेल."

निखारे विझेपर्यंत मी तिथून हललो नाही.

अक्का, तुला शेवटचा नमस्कार.