सुपरवायझरचा डबा

दोन आठवड्यांपूर्वी मंगळवारी सकाळी ऑफिसच्या बसमध्ये होते आणि फोन वाजला. खात्यात टॅक्सचा रिफंड जमा... तेराशे चाळीस डॉलर! शेजारची बाई वळून बघायला लागली, म्हणजे मी बहुतेक मोठ्याने "अगं बाई" म्हटलं असणार.

दोन स्टॉप मजेत गेले. तिसऱ्या स्टॉपला आठवलं की हे पैसे मला वाटेल तसे खर्च करता येणार नाहीत.

सांगूनच टाकते. दोन वर्षांपूर्वी इथे वेलिंग्टनमध्ये माझं नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट अचानक संपलं. सात महिने काम नव्हतं, आणि भाडं, किराणा, सगळं क्रेडिट कार्डांवर गेलं. नवं कॉन्ट्रॅक्ट मिळालं तेव्हा, पूर्ण दिवाळखोरी जाहीर करण्याऐवजी इथे हप्त्यांनी फेडायचा कायदेशीर प्लॅन मिळतो, तो मी घेतला. तीन वर्षं दर महिन्याला हप्ता, आणि आपल्यावर नेमलेली एक सुपरवायझर... माझी डेब्रा. पगार वाढो, बोनस मिळो की रिफंड येवो, जास्तीचं काही आलं की आधी तिला कळवायचं.

हे आईला माहीत नव्हतं. ती एप्रिलमध्ये चिंचवडहून माझ्याकडे आली. तीस वर्षं एका पतसंस्थेत वसुलीला होती, स्कूटरवरून लोकांच्या दारात जाऊन हप्ते आणायची. आमच्या घरात 'थकबाकीदार' ही शिवी होती... आता तिला काय सांगणार?

म्हणून डेब्राचा फोन आला की "सुपरवायझरचा आहे गं" म्हणून मी बाल्कनीत पळायचे. शब्दाने खोटं काहीच नव्हतं! आईने मात्र समजूत करून घेतली की हे ऑफिसातले साहेब.

आणि आईची दाढ. तीन आठवडे ती लवंग धरून वरणभात गिळत होती. प्रवासाच्या इन्शुरन्समध्ये दात बसत नाहीत. डेंटिस्टने रूट कॅनॉल आणि कॅपचे मिळून तेराशे सांगितले होते. तेराशे! आणि रिफंड तेराशे चाळीस. देवाने हिशोब करूनच पाठवल्यासारखे.

मंगळवार गेला, बुधवार गेला. बँकेचं ॲप उघडायचे, आकडा बघायचे, बंद करायचे. मीटिंगमध्ये कोण काय बोललं, शपथ सांगते, एक अक्षर आठवत नाही. डेब्राला कळणार कसं? आणि कळलं तर? प्लॅन रद्द झाला तर सगळ्या कार्डवाल्या बँका पुन्हा माझ्या मागे... आपल्याच आईच्या दाढेसाठी आपण चोर ठरायचं का?

एका मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, आईचं बिल भरून टाक आणि विसरून जा. मला विसरता येत असतं तर तिला विचारलं कशाला असतं! गुरुवारी दहा वेळा डेब्राचा नंबर काढला. शुक्रवारी चहा दोनदा उतू गेला.

शनिवारी दुपारी आईने बेसनाचे लाडू वळले. स्टीलचा डबा भरून माझ्या ऑफिसच्या बॅगेशेजारी ठेवला आणि एका हाताने गाल धरत म्हणाली, "सोमवारी सुपरवायझर साहेबांना नक्की दे हो. पर्मनंट करतील तुला."

माझा बांधच फुटला. तिथेच ओट्याला टेकून सगळं सांगितलं. कार्डं, प्लॅन, डेब्रा, रिफंड... सगळं.

आईने गॅस बंद केला. रडणं नाही, ओरडणं नाही. खुर्ची ओढून बसली आणि जी आई मी फक्त लहानपणी तिच्या ऑफिसात पाहिली होती, तिने प्रश्न सुरू केले.

"किती हप्ते झाले?"

"चौदा."

"एखादा चुकला?"

"नाही गं."

"मग तू थकबाकीदार कुठली? वेळेवर भरणाऱ्याला आम्ही 'नियमित' लिहायचो." मग म्हणाली, "पण हे पैसे लपवलेस ना, तर मात्र होशील."

मी पोरासारखी रडले. दोन वर्षं एक शब्द छातीवर घेऊन फिरत होते आणि तो माझा नव्हताच.

सोमवारी सकाळी आईसमोर स्पीकरवर फोन लावला. डेब्राने सगळं ऐकून घेतलं. चांगलं केलंस स्वतःहून फोन केलास, म्हणाली. दाढेचं कोटेशन पाठव, तेवढे ठेव, उरलेले प्लॅनमध्ये भर... स्वीट ॲज! म्हणजे इथल्या भाषेत, झालं तर मग. इतकंच. सहा दिवस मी कशाला एवढी तळमळत होते?

तेवढ्यात आई मध्येच फोनवर वाकून म्हणाली, "नो रूट कॅनॉल मॅडम. ओन्ली रिमूव्ह." मी डोळे वटारले, फोन ठेवल्यावर भांडलेसुद्धा. ऐकेल तर आई कसली! म्हणे त्या दाढेची मुदत संपली होती. काढायचे तीनशे लागले. हजार चाळीस, नेहमीच्या हप्त्यांच्या वर, प्लॅनमध्ये गेले.

मी म्हटलं, डेब्राला लाडू तरी देऊन येते. आईने डबा काढून घेतला. "वसुलीच्या माणसाला डबा द्यायचा नसतो. मी तीस वर्षांत कोणाच्या घरी चहासुद्धा घेतला नाही." मग दोघींनी बसून ते लाडू खाल्ले. दाढ निघाल्यावर आईने थोडे जास्तच खाल्ले.

डबा तिने घासून पुसून फ्रिजच्या वर ठेवलाय. झाकणावर पट्टी चिकटवून तिच्या त्या वसुलीच्या रजिस्टरातल्या अक्षरात लिहिलंय... 'डेब्रा मॅडम. शेवटच्या हप्त्यानंतर.'

बावीस राहिलेत. आणि मी नियमित आहे.