रोल नसलेल्या कॅमेऱ्याची परीक्षा

अन्वरच्या बोटांना एक आंबूस वास येई. ताकाचं भांडं कोनाड्यात विसरून राहावं आणि चार दिवसांनी त्यावरचं झाकण काढावं, तसा काहीसा. बारा वर्षं तो आखातातल्या एका फोटोच्या दुकानात लोकांचे रोल धूत होता, आणि सुटीवर येताना खजूर, अत्तराच्या कुप्या आणि हा वास एवढं सामान न चुकता घेऊन येई. अत्तर संपून जाई, वास मात्र त्याच्याबरोबर परत जाई. मार्गशीर्षातल्या त्या सकाळी पेणच्या माझ्या दारात तो उभा राहिला तेव्हा धुकं अंगणातून पुरतं उठलं नव्हतं, शेजारच्या गिरणीतून पोह्यांचा उबदार वास येत होता, आणि एस.टी.त उभ्याने आलेल्या माणसाने अंडी सांभाळावीत तसं टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी त्याने छातीशी धरलं होतं.

"परीक्षक, उठलास काय? तुझ्याकडं काम हाय," तो म्हणाला.

परीक्षक ही माझी पदवी नव्हे, अन्वरची थट्टा. मी डोलवीच्या कारखान्यात कारकून. पण आमच्या गावात हौशी छायाचित्रकारांचं एक मंडळ होतं आणि त्याच्या वार्षिक प्रदर्शनाला परीक्षक लागे. प्रमुख पाहुणे समई लावत, छायाचित्रकाराच्या तिसऱ्या डोळ्याविषयी बोलत आणि आपले दोन्ही डोळे न उघडता चहाला निघून जात. मग धरमतरच्या खाडीवरचा सूर्यास्त आणि त्यात काळी पडलेली होडी अशी एकाच होडीची पंधरावीस चित्रं मागे उरत, आणि त्यांतलं कुठलं पहिलं हे मी ठरवायचं. मला स्वतःला कधी बक्षीस मिळालं नव्हतं, त्यामुळे माझ्या निःपक्षपातीपणाविषयी कोणालाच शंका नव्हती.

टॉवेलातून निघाला तो कॅमेरा काळा, जाडजूड, खांद्यांत भरलेल्या पैलवानासारखा होता. नव्या जातीचा, डिजिटल. त्यात रोल घालायची जागाच नव्हती. मागे काडेपेटीएवढा पडदा होता आणि काढलेलं चित्र क्षणात त्यावर उमटे. अन्वरच्या मालकाने तो नुकताच घेतला होता. अशी वस्तू सुटीवर जाणाऱ्या माणसाच्या हाती कोणी देत नाही; पण अन्वरचा धाकटा भाऊ त्याच दुकानात गल्ल्याशी उभा असे, म्हणजे जामीन तिथेच होता. विमानतळावर कस्टमवाल्यांनी त्याच्या पासपोर्टवर कॅमेऱ्याची नोंद केली होती, म्हणजे जाताना तो परत न्यावाच लागणार होता. मालकाचं म्हणणं साधं होतं. तुझ्या देशात ऊन आहे, ओल आहे, सगळ्या रंगांची माणसं आहेत. महिनाभर वापर आणि येऊन सांग, चित्रं रोलच्या तोडीची येतात की नाही. येत असतील तर अंधारखोली मोडून टाकू.

"तिथं मेकअपची खोली करायचीय त्याला," अन्वर म्हणाला. "आरसा कुठं लावायचा तेवढं ठरवून ठेवलंय."

"आणि तू?"

"म्हणून तर तुझ्याकडं आलो."

त्याने एवढंच म्हटलं आणि माझ्या हातातली चहाची बशी मला अकस्मात जड वाटू लागली. आजवर मी सूर्यास्तांचे क्रम लावले होते. सूर्य त्याने खालीवर झाला नव्हता. या खेपेला कॅमेरा चांगला ठरला असता तर एका माणसाची बारा वर्षांची भाकरी जाणार होती, आणि कॅमेरा चांगला की वाईट हे माझ्याकडून ठरवून घ्यायला तो माणूस स्वतःच माझ्यापुढे बसून चहा पीत होता.

मग आम्ही परीक्षेला निघालो. मुलगी नाकारायची असं घरूनच ठरवून कांदेपोहे खायला गेलेली मंडळी जशी बारीक नजरेने बघतात, तसे आम्ही त्या कॅमेऱ्याकडे बघत होतो. पहिला प्रयोग माझ्या ओळखीच्या एका मूर्तिकाराच्या अंगणात झाला. रंगायला अजून अवकाश असलेले गणपती तिथे उन्हात ओळीने मांडले होते, पांढरेशुभ्र, डोळ्यांविना, जणू एकाच स्वप्नातून उठवून आणून बसवलेले. माघातल्या जन्मोत्सवाच्या मागण्यांची घाई सुरू होती. ओल्या मातीचा आणि चुनखडीचा थंड, दमट वास हवेत होता. अन्वरने गणपतींची आणि त्यांच्यामध्ये उभ्या मूर्तिकाराची चार-पाच चित्रं घेतली आणि आम्ही तिघं त्या काडेपेटीवर वाकलो. उन्हातला पांढरा रंग नुसता जळून गेला होता. सोंड कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होतं याचा पत्ता नव्हता.

"आमची सोंड कुठं गेली हो?" मूर्तिकार म्हणाला. "मी मेहनतीनं काढतो, तुमचं मशीन गिळतंय. आता काय काळ्या रंगानं आखू?"

अन्वर इतका हसला की मूर्तिकाराला आपला विनोद फार मोठा वाटला. रोलवर ही सोंड दिसली असती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. कोणा शत्रूच्या घरी वाळवी लागल्याची बातमी मिळावी, तसा मला हर्ष झाला होता. आणि त्या हर्षामागोमाग, का कोण जाणे, एक चुळबुळ सुरू झाली, जी पुढे अनेक दिवस थांबली नाही.

कचेरीत एक लॅपटॉप होता. साहेब तो वापरत नसत, म्हणून तो कोणालाच मिळत नसे. साहेब बाहेरगावी गेल्याची संधी साधून मी तो उघडला आणि जेवणाच्या सुटीत आम्ही चित्रं मोठी करकरून पाहिली. धरमतरच्या धक्क्यावर सांजवेळी घेतलेल्या गाळाच्या चित्रात काळोखाच्या जागी तांबडेनिळे ठिपके वळवळत होते, दिव्याखाली किडे जमावेत तसे. आणखी मोठं केलं की खाडी, बार्ज, आकाश, सगळ्याचे चौकोन होत. जग म्हणजे कोणीतरी सुटीत भरायला घेतलेलं भरतकाम असावं. "वा," अन्वर प्रत्येक चौकोनाला म्हणत होता. दोषांचं माप भरत चाललं होतं. मालकाला सांगायला एवढं पुरेसं होतं, आणि त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

तरीही मी बेचैन होतो. कारखान्यात टेबलाशी बसलो की पाय हलत, घरी आलो की माझा जुना कॅमेरा उगाच पुसत बसे. मूर्तिकाराच्या अंगणातलं एक दृश्य डोळ्यांपुढून जात नव्हतं. चित्र घेतलं की ज्याचं घेतलं तो माणूस आमच्या खांद्यावरून वाकून ते बघत होता. ज्याचं चित्र तो आणि ज्याने काढलं तो, दोघं एकाच वेळी, डोक्याला डोकं लावून. चित्राचं हे अंग आमच्या मंडळाच्या नियमांत कुठेच बसत नव्हतं. तीक्ष्णता, छटा, रचना. प्रत्येकाला गुण ठरलेले. चित्रातल्या माणसाने आपल्या चित्राकडे बघण्याला गुण नव्हते.

सुटी संपत आली तसं अन्वरने मला रोह्याला बोलावलं. "अम्मानं वाल सोललेत. जेवून जा." मी सकाळच्या गाडीने गेलो. त्यांचं घर कुंडलिकेकडे उतरणाऱ्या गल्लीत. परसात पोफळी, आणि वारा फिरला की औद्योगिक वसाहतीचा तो तिखट वास, ज्याची रोहेकरांना इतकी सवय झालेली की पाहुणा खोकला की त्यांना नवल वाटे. अन्वरची आई मला शाळकरी वयापासून ओळखणारी. तिच्या लेखी मी 'पेणवाला'. लग्न होवो, नोकरी लागो, केस पिकोत, हे नाव बदललं नाही.

या बाईचा एकही फोटो जगात नव्हता. अन्वरच्या लग्नाच्या अल्बमात ती म्हणजे दारामागचा एक पदर. निवडणुकीच्या ओळखपत्रासाठी फोटो काढणारे आले त्या दिवशी ती मुरूडला बहिणीकडे गेली होती. कारण धर्माचं असावं असं मी समजून होतो आणि समजूतदार माणसाप्रमाणे कधी विचारलं नव्हतं.

जेवण झालं. ती खिडकीपाशी उद्याचे वाल सोलत बसली होती आणि अन्वर तिच्या समोर कॅमेऱ्याची काच पुसत होता. तिने सहज विचारलं,

"यात रोल कुठनं घालतात रे?"

"रोल नाय यात, अम्मा."

"मंग धुतो कोन?"

"कोन नाय. धुवायचंच नाय काय."

तिचे हात थांबले. "म्हंजे मधी कुनी बघत नाय?"

"नाय."

"काढ मंग," ती म्हणाली, आणि पदर सारखा करून बसली.

अन्वरने माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी, मला ती गोष्ट कळली. अठरा वर्षांचा असताना तो रोह्याच्या बाजारातल्या एका स्टुडिओत शिकायला लागला होता, आणि एकदा जेवताना त्याने मोठ्या कौतुकाने वर्णन केलं होतं, लाल दिव्याखाली, पाण्यात, कोऱ्या कागदावर बाईचा चेहरा कसा वर येतो. आधी डोळे, मग ओठ, मग सगळी बाई. त्याला वाटलं होतं आई थक्क होईल. आईचा घास हातात राहिला होता. आपला चेहरा कोणा परक्या पुरुषाने काळोखात पाण्यातून असा वर काढायचा, हे तिला त्यानंतर कधी सहन झालं नव्हतं. धर्म, रूढी काही नाही. मुलाने रंगवून सांगितलेलं त्याचं स्वतःचं काम.

"पन एक सांग," ती मध्येच म्हणाली. "रोल नाय तर धुवायचं नाय. मंग तू काय करशील तिथं?"

अन्वर पहिलं चित्र काढून कॅमेऱ्याची वायर टीव्हीमागे खोचत होता. "बसंन एसीत."

"एसीत बसायला पगार कोन देतो?"

टीव्ही उजळला आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या जागी अम्मा आली. तिने उठून दाराला कडी लावली, चष्मा घातला, आणि माझ्या आयुष्यात मी पाहिलेली सर्वांत कठोर परीक्षा सुरू झाली.

"कान बघ कसं दिसतायत. पूस."

अन्वरने पुसलं. पुन्हा काढलं.

"यात भांडायला निघाल्यासारखी दिसतेय. पूस."

"ही कोन? ही तर माझी मुरूडची भैन. पूस."

दुपार कलत गेली. खिडकीतलं ऊन वालाच्या सुपावरून सरकून तिच्या गुडघ्यावर आलं. जिने जन्मभर एक चित्र काढू दिलं नव्हतं ती बाई चित्रामागून चित्र काढवून घेत होती आणि आपल्या हुकमाने ती नाहीशी करवत होती. आणि मी, एवढ्या प्रदर्शनांचा निकाल देणारा, एका कोपऱ्यात वालाची सालं गोळा करत होतो.

"अम्मा," अन्वर अखेर वैतागला, "स्थळांना दाखवायचाय काय?"

"तुझ्या बापानं न बघता केली मला," ती म्हणाली. "आता बघून कोन पसंत करतोय?"

आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली. तेवढ्यात अन्वरचं बोट दाबलं गेलं.

ते चित्र आमच्या कुठल्याही नियमाने तिसऱ्या प्रतीचं होतं. खिडकी गणपतीच्या सोंडेसारखी जळून पांढरी झालेली. गालाच्या सावलीत तांबडेनिळे ठिपके. सर्वांत स्पष्ट काय, तर तिच्या मागच्या गजावरचा गंज. चेहरा हसण्याने हललेला. ती टीव्हीसमोर बराच वेळ उभी राहिली. एवढी जवळ की तिचा उच्छ्वास काचेवर उमटला असावा.

"हा ऱ्हावू दे," ती म्हणाली. "तुझ्यापाशी."

मग तिने कडी काढली आणि चहा टाकायला आत गेली.

संध्याकाळच्या पॅसेंजरसाठी अन्वर मला स्टेशनवर सोडायला आला. भाताच्या कापल्या खाचरांवरून धूर जमिनीलगत पसरत होता, कुठेतरी मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून वालाच्या शेंगांची पोपटी भाजायला लावली असावी. मला गप्प राहवत नव्हतं. मी दोष सांगत सुटलो: पांढरा जळतो, काळा कुजतो, मोठं केलं की चौकोन. नीट मांडलं तर मालक आणखी पाचसात वर्षं अंधारखोलीला हात लावणार नाही. अन्वर ऐकत होता, मान डोलावत होता.

"सगळं खरं हाय," तो म्हणाला. "सगळं सांगंन त्याला. आणि शेवटी सांगंन, घे."

"वेडा आहेस का?"

"बारा वर्षं मला वाटायचं, आख्ख्या शहराचे चेहरे माझ्या हाताखालनं जातात. जे आले त्यांचेच गेले रे. मधी मी धुणारा हाय म्हणून जे आलेच नाय, ते मला कुठं दिसणार व्हते?"

"आणि तुझं काय?"

"शिकेन. नायतर येईन परत. रोह्यात काय माणसं ऱ्हात नाय?" तो हसला, पण हात खिशात घालून उभा राहिला होता तो काही हसणाऱ्या माणसासारखा नव्हे.

गाडी आली. डब्यात जागाच जागा होती, तरी मी दारात उभा राहिलो. गाडी हलली तसा अन्वरने कॅमेरा डोळ्याला लावला आणि माझ्यावर रोखला. माझा हात आपोआप कॉलरकडे गेला, पोट आत गेलं, चेहऱ्यावर काहीतरी विचारी भाव आणण्याचा मी प्रयत्न केला असावा. त्याने कॅमेरा खाली घेतला, मागच्या त्या लहानशा पडद्यावर वाकून बघितलं, आणि त्याचा अंगठा हलला.

ठेवला की पुसला, ते एवढ्या अंतरावरून कळणं शक्य नव्हतं. ओरडून विचारावंसं वाटलं, आणि त्या इच्छेचीच मला मोठी गंमत वाटली. पण तोवर फलाट मागे पडला होता. मी नागोठणं येईपर्यंत दारातच उभा होतो.